तेच देऊळ, तेच गाव

तेरणा नदीच्या काठावरच्या तेर गावात त्रिविक्रमाचे एक जुने देऊळ आहे. त्याची मागची भिंत अर्धवर्तुळात वळते. वर शिखर नाही, हत्तीच्या पाठीसारखे गोलसर, लांबट छप्पर आहे आणि हा सगळा जुना भाग विटांचा आहे. समोरचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला. कार्ले-भाज्याची कोरीव चैत्यगृहे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकार लगेच ओळखीचा वाटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्स यांनी या वास्तूची पाहणी केली आणि हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे, पुढे त्याचे विष्णुमंदिर झाले असावे, असे मत मांडले. काही अभ्यासकांना ते पटत नाही. मागची बाजू अशी गोलाकार ठेवणे ही काही एकट्या बौद्धांची मिरासदारी नव्हती, वैदिक परंपरेतली देवळेही त्या काळी अशी बांधली जात, असे त्यांचे म्हणणे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. तेरच्या उत्खननात स्तूपाचे अवशेषही सापडले आहेत, तेव्हा इथे बौद्धांची वस्ती होती एवढे नक्की. देवळाच्या मूळ रूपाचा वाद इतिहासकारांनी मिटवावा. आपल्याला त्यातून निघणारा दुसरा प्रश्न हवा आहे. कझेन्स यांचे म्हणणे घटकाभर खरे धरले, तर भिक्खू जिथे स्तूपाला प्रदक्षिणा घालत होते ती वास्तू आणि आज जिथे त्रिविक्रमाची पूजा होते ती वास्तू, या एकच की दोन?

विटांकडे बोट दाखवणारा 'एकच' म्हणेल, देव बदलला याकडे बोट दाखवणारा 'दोन' म्हणेल. दोघे भांडतील, पण एका गोष्टीवर दोघांचे नकळत एकमत असते. वास्तूचे काहीतरी एक सत्त्व आहे, ते टिकले तर वास्तू तीच आणि गेले तर निराळी, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. परंपरागत सत्ताशास्त्राची ही सर्वांत जुनी खोड. तिच्यात एकत्व आधी येते आणि भेद मागाहून. ॲरिस्टॉटलने हे स्पष्टच मांडले. दोन गोष्टींत भेद आहे असे म्हणायचे तर दोघींत काहीतरी समान असलेच पाहिजे. माणूस आणि घोडा यांच्यातला भेद सांगता येतो, कारण दोघेही प्राणी आहेत. म्हणजे भेद हा एकत्वाच्या घरातला भाडेकरू. आपल्याकडच्या अद्वैताने तर त्याला घराबाहेरच काढले. या प्रकरणाचे म्हणणे असे, की क्रम उलटा आहे. 'तेच' हे अनेक भेदांमधले नाते तपासून काढलेले अनुमान असते. ते खरे असू शकते, पक्के असू शकते, पण आयते मिळत नाही. हे दाखवण्यासाठी तेर ज्या जिल्ह्यात आहे त्या धाराशिव जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागणार नाही.

तेर हे गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव. भारतीय तत्त्वज्ञानात एकत्व आणि भेद यांचा सर्वांत मोठा वाद ज्या वस्तूवर झाला ती वस्तूही मडकेच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे कळले. बाकी फरक बोलण्यातले, नावापुरते. शंकराचार्यांनी यावर मोठी इमारत उभी केली: रांजण, परळ, पणती ही नामरूपे येतात-जातात, सत्य ते मातीचे. नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हते. मातीच्या ढिगात पाणी भरून आणता येत नाही, मडक्यात येते. तेव्हा मडके हे नवे द्रव्य आहे, घडवण्याआधी ते नव्हते आणि फुटल्यावर ते उरत नाही, असे ते म्हणत. भेदालाही त्यांनी जगात हक्काची जागा दिली. मडके म्हणजे वस्त्र नव्हे, हा 'अन्योन्याभाव' त्यांच्या मते आपल्या मनाचा खेळ नाही. मडक्याइतकाच तोही खरा.

पण वाद खरा रंगला तो आव्यापाशी. कच्चे मडके भट्टीत जाते तेव्हा त्याचा रंग एक असतो, बाहेर येते तेव्हा ते तांबडे झालेले असते. बाहेर आलेले मडके तेच का? वैशेषिकांचे उत्तर धक्का देणारे आहे. आगीने कच्चे मडके थेट परमाणूंपर्यंत विस्कटते, रंग परमाणूंचा बदलतो आणि त्यातून नवे मडके जुळते. हे सारे इतक्या झटपट होते की आपल्याला पत्ता लागत नाही. नैयायिक म्हणाले, असे होत असते तर आव्यात एकावर एक रचलेली मडकी कोसळली असती आणि कच्च्या अंगावर काढलेली रेघ भाजल्यावर जागेवर सापडली नसती. मडक्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून आच आत शिरते आणि अख्खे मडके आहे तसेच भाजून निघते. नैयायिकांनी इथे पुरावा म्हणून काय मांडले ते पाहण्यासारखे आहे. मडक्याचे सत्त्व त्यांनी कुठेच काढून दाखवले नाही. त्यांनी दाखवली ती रचनेतली जागा, अंगावरची रेघ आणि ओळख पटणे. यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेतले एकेक नाते. अवस्था दोन आहेत हे मान्य करूनच त्यांना जोडणारे धागे मोजले गेले आणि मग निकाल लागला की मडके तेच.

आजचे रसायनशास्त्र या वादात आणखी एक पाचर मारते. मातीतल्या खनिजांमध्ये बांधलेले पाणी सुमारे पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे निघून जाते आणि सहजासहजी परत येत नाही. कच्चे मडके पाण्यात भिजत ठेवले तर पुन्हा चिखल होतो. भाजलेले खापर हजार वर्षे पाण्यात ठेवले तरी खापरच राहते, आणि तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकाळाची खापरे आजही निघतात ती याच कारणाने. म्हणजे मडके जाऊन खाली जी माती उरायची, ती पक्क्या मडक्याच्या खाली मुळी नसतेच. वेदान्ती म्हणेल, ठीक आहे, माती नसेल तर तिच्याही खालचे द्रव्य घ्या. घेता येईल. पण एकेक पायरी खाली उतरावे तसतसे ते द्रव्य प्रत्येक वस्तूला सारखेच लागू होत जाते, आणि हे मडके तेच का, या प्रश्नावर बोलायला त्याच्यापाशी काही उरत नाही. सगळ्यांत सारखे असलेले तत्त्व कुणा एकाची ओळख पटवू शकत नाही. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, अशी आख्यायिका आहे. कुंभाराचा कान मातीचे ऐकत नाही. तो पक्के आणि कच्चे यांतला फरक ऐकतो, कारण पाणी धरेल की नाही हे त्या फरकावर ठरते.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातली लेणी हाच पेच दगडात मांडतात. मोठ्या लेण्यातला खांबांचा प्रशस्त मंडप, भोवतीच्या खोल्या, मागे गाभारा ही सारी मांडणी अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देणारी आहे. गाभाऱ्यात मात्र नागफण्यांखाली बसलेले पार्श्वनाथ आहेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची नोंद केली, आणि ती मुळात बौद्ध होती की पहिल्यापासून जैन, यावर तेव्हापासून दोन मते आहेत. गंमत अशी की जैन परंपरेनेही ती एका दमात कोरली गेली असे म्हटलेले नाही. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात राजा करकंडू तेरापूरजवळच्या डोंगरात आधीचीच लेणी पाहतो आणि मग तिथे स्वतः नवी कोरवतो. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या आठवणीतही ही जागा थरांचीच आहे. जैन दर्शनाने वस्तूची व्याख्याही तशीच केली: जे आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य तिन्ही एकाच वेळी असतात. आचार्य समंतभद्रांचे त्यावरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा हळहळतो, मुकुट हवा असणारा हरखतो आणि सोने हवे असणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. तिघांच्याही भावना सकारण आहेत. एकाच घटनेची 'गेले', 'आले' आणि 'राहिले' ही तिन्ही वर्णने खरी ठरतात, कारण प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. ही फार मोठी सुधारणा आहे. तरी एक अडचण राहते. सोनाराच्या दुकानात सोने वेगळे काढून तोलता येते. लेण्यात ते कुठे आहे? दगड हे लेण्याचे सोने म्हणावे, तर शेजारच्या न कोरलेल्या कातळाला कुणी नमस्कार करत नाही.

इथे बौद्धांची टीका उपयोगी पडते, आणि ती जैनांपेक्षा खोल जाते. नागार्जुनाने विचारले की दुसऱ्या कशावरही न टेकलेले असे 'स्वभाव' नावाचे काही दाखवता येते का. त्याच्या मते प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधाराने उभी असते. हा आधार काढून घेतला की मागे गाभा सापडत नाही. दिङ्नागाने शब्दांच्या बाबतीत तेच केले. 'गाय' हा शब्द गोत्व नावाच्या कुठल्या सामान्य तत्त्वाला चिकटत नाही, गाय नसलेले सारे बाजूला सारून तो काम भागवतो. युरोपात हा विचार वेगळ्या वाटेने आणि फार उशिरा आला. भाषेत स्वतंत्र पदे नसतात, असतात ते केवळ भेद, असे सोस्यूरचे म्हणणे १९१६ साली त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. हायडेगरने १९५७ साली एकत्व आणि भेद या जोडीवरच एक छोटे पुस्तक काढले आणि पाश्चात्त्य सत्ताशास्त्र 'असणे' आणि 'असलेली वस्तू' यांच्यातला भेदच विसरून गेले, असा आरोप केला. १९६८ साली देल्यूझने सांगितले की ॲरिस्टॉटलपासून भेदाला एकत्वाचे मांडलिक करून ठेवले आहे. त्याच वर्षी देरिदाने दाखवले की अर्थ कधीच पूर्णपणे हाती येत नाही, तो दुसऱ्या चिन्हांवर ढकलला जात राहतो. या साऱ्यांची उत्तरे एक नाहीत. पण वस्तूच्या पोटात आयते एकत्व सापडेल हा विश्वास या प्रत्येकाने हलवला.

हे सगळे पोथीतले वाटत असेल, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झाले त्याकडे पाहावे. किल्लारीचा भूकंप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संकटात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली, हजारो माणसे मेली. पुनर्वसनात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर त्यांपैकीच. जुने गाव दाट होते: अरुंद बोळ, वाडे, माळवदे, भिंतीला भिंत. नवे गाव सरळ रस्त्यांचे, सुट्या घरांचे आणि जुन्यापेक्षा कितीतरी पसरलेले. घरेही जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. म्हणजे जागा बदलली, भिंती बदलल्या, शेजार बदलला, कित्येक घरांतली माणसे गेली. जुन्या सत्ताशास्त्राची कोणतीही कसोटी लावली तरी हे दुसरे गाव ठरायला हवे. तरीही ते सास्तूरच आहे, आणि असे म्हणणारा माणूस चुकत नाही. कारण शिवार तेच राहिले, सोयरीक राहिली, ग्रामपंचायत राहिली, नाव राहिले आणि आपण सास्तूरचे असे म्हणणारी माणसे राहिली. एकही धागा एकट्याने पुरेसा नाही आणि बहुधा एकही अपरिहार्य नाही. त्यांतले पुरेसे धागे एकमेकांत गुंतलेले राहिले म्हणून गाव टिकले. काय राहिले आणि काय गेले याची यादी केल्याशिवाय 'तेच गाव' या म्हणण्याला अर्थ येत नाही. आणि त्या यादीतला प्रत्येक 'गेले' हा भेद आहे.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. काहीही टिकत नसेल तर बदलले तरी काय म्हणायचे? शंकराचार्यांनी क्षणिकवादी बौद्धांना हेच विचारले होते. काल ज्याने पाहिले आणि आज जो आठवतो तो एकच नसेल, तर 'मी हे पाहिले होते' हे वाक्य कुणाचे? ओळख पटते, यावरून ओळखणारा टिकून आहे हे सिद्ध होते, असा त्यांचा दावा. आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. ज्यात कशाचाच कशाशी संबंध उरत नाही, त्याला बदल म्हणता येत नाही. ती नुसती फाटाफूट. म्हणूनच भेदाला सिंहासनावर बसवून एकत्वाला हद्दपार करणे ही जुनीच चूक उलट्या बाजूने करणे आहे, आणि देल्यूझच्या काही वाचकांकडून ती होते. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग टिकत नाही. ओळख पटण्याने दोन अवस्थांमध्ये सांधा आहे एवढे सिद्ध होते. न बदलणारा गाभा सिद्ध होत नाही. सतराव्या शतकात हॉब्जने थीसियसच्या जहाजाचा पेच आणखी पिळून हे दाखवले. जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि कुणीतरी जुन्या फळ्या जपून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर दोघांपैकी मूळ कोणते? अखंड वापर एका जहाजाकडे आहे, मूळ लाकूड दुसऱ्याकडे. गाभ्याचा सिद्धांत इथे मुका होतो. कोणते नाते कशासाठी महत्त्वाचे मानायचे, हे माणसांना ठरवावे लागते.

मग दुसरा आक्षेप येतो: ठरवायचेच असेल तर कुणीही काहीही ठरवेल. एकत्व नात्यांवर सोपवले तर खोटेपणाला रान मोकळे. या भीतीला उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. शेताची ओळख सातबाऱ्यावर असते, पण सातबारा टिकतो तो फेरफाराच्या नोंदींवर. वारस लागले, खरेदी झाली, वाटणी झाली, बोजा चढला किंवा उतरला, प्रत्येक बदलाला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शंभर वर्षांत मालक बदलले, पिके बदलली, बांध सरकले, तुकडे पडले, तरी आजच्या गटापासून मागे चालत जाता येते, कारण बदल लपवले गेले नाहीत. जिथे फेरफाराची साखळी तुटलेली असते तिथेच जमिनीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणजे भेदांची नोंद ठेवणे एकत्वाच्या मुळावर येत नाही, तिच्याच आधारावर ते उभे राहते. जिल्ह्याचेही तसेच. पूर्वी नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण होते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला, २०२३ साली उस्मानाबादचे नाव बदलून धाराशिव झाले. जिल्ह्याचा सलग इतिहास लिहिता येतो तो या पायऱ्या दाखवूनच.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि सर्वांत गंभीर. सगळी माणसे मुळात एकच आहेत या विचारावरच समता उभी असताना, भेदाची बाजू घेणे म्हणजे विषमतेला तत्त्वज्ञान पुरवणे नव्हे का? याचा सडेतोड विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा त्यांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यात ते मान्य करतात की सर्वांत एकच ब्रह्म आहे हा सिद्धांत लोकशाहीचा भक्कम पाया होऊ शकला असता. मग विचारतात की तो झाला का नाही. ब्रह्म एक आहे असे शिकवणाऱ्या समाजाने पाणवठे मात्र वेगळे ठेवले. हा केवळ आचारातला दांभिकपणा म्हणून सोडून देता येत नाही. अडचण तत्त्वातच आहे. ज्या एकत्वापुढे सारे भेद मिथ्या ठरतात, त्याला पाणवठ्यावरचा भेदही मिथ्याच दिसतो, आणि जो भेद खराच नाही त्याच्याविरुद्ध लढण्याचे कारण उरत नाही. समतेला वेगळ्या प्रकारचे एकत्व लागते: कोणता भेद अन्याय करतो आणि कोणता जपायचा, हे नावानिशी सांगणारे. भूकंपाच्या पुनर्वसनात जमिनीच्या मापाने घराचे माप ठरले. सारे एकाच गावचे, एकाच आपत्तीतले, असे म्हणून गप्प बसणाऱ्याला भूमिहीनाच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले ही गोष्ट दिसणारच नाही. ती दिसायला भेद मोजावा लागतो.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला असे उत्तर देता येते. बांधकामाचा इतिहास लिहिणाऱ्याला वास्तू एकच आहे, उपासनेचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या दोन आहेत, आणि दोघेही आपापल्या पुराव्याला बांधलेले आहेत. 'मूळची कुणाची' हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण मूळ सापडले म्हणजे मधली शतके रद्द झाली, असा त्याचा अर्थ लावणे ही मात्र सत्ताशास्त्राची जुनी खोड झाली. मधल्या प्रत्येक पिढीने त्या विटांशी काहीतरी नाते जोडले आणि ते नातेही आता त्या वास्तूच्या ओळखीचा भाग आहे. एरवी आपली रीत अशी, की कुणी वेगळेपण सांगितले की त्याच्याकडे पुरावा मागायचा आणि 'पूर्वीपासून असेच आहे' म्हणणाऱ्याला मोकळे सोडायचे. एकत्व हे आयते मिळालेले असते या समजुतीतून ही सूट दिली गेली. ती समजूत टिकत नाही, हे मडक्यापासून सातबाऱ्यापर्यंत दिसले. म्हणून देवळाच्या, गावाच्या, जातीच्या किंवा राष्ट्राच्या बाबतीत 'हे तेच' असे म्हणणाऱ्यानेही आता सांगितले पाहिजे की कोणत्या बाबतीत, कोणत्या नात्याच्या आधारे आणि मधले कोणते फेरफार धरून.